त्या सालची बॅटरी

थंडी नुकतीच पडायला लागली होती तेव्हा नांदेडहून दादाचा फोन आला. "बाई, एक बॅटरी शोधायचीय तुला."

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी फिजिक्स शिकवत होते आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. मला वाटलं, इन्व्हर्टरची बॅटरी असेल. म्हटलं, "नांदेडातली दुकानं बंद पडली का?"

"इन्व्हर्टरची न्हाई. बाबांच्या गाडीची. आन् गाडीच्या सालातली पाहिजे."

"त्या सालातली बॅटरी कधीच मेली असंल की दादा."

"मग आता आणायची कुठून, तेच तर मला कळंना झालंय," तो म्हणाला.

आमचे वडील मुखेडला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांकडे इंग्लिश बनावटीची काळी, बसकी गाडी होती. तीत बसून ते खेडोपाडी पेशंट बघायला जायचे. पुढे ते कायमचे हैदराबादला गेले आणि जाताना गाडी बाबांच्या नावावर करून गेले. ती फिरवणं आम्हाला परवडणारं नव्हतं आणि विकायला बाबांचं मन होत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या विहारामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी राहिली. बाबा गेले, तरी ती तिथेच होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर दादाने ती ट्रकमध्ये घालून नांदेडला नेली आणि तीन वर्षं खपून चालू केली.

नांदेडला जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन भरतं. आदल्या वर्षी दादाने गाडी तिथे नेली होती. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी बॉनेट उघडलं, आतली पांढरी प्लॅस्टिकची बॅटरी बघितली आणि कागदावर लिहिलं, 'काळाला धरून नाही.' दादाला ते फार लागलं. काळी रबरी पेटी हवी, वर डांबर ओतलेलं हवं, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण फिजिक्स माझं.

बॅटरीतलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. शिशाच्या प्लेटा, गंधकाम्ल, फळ्यावर दरवर्षी काढायची ती आकृती. लातूरच्या पहिल्याच दुकानात ही समजूत गेली.

"गाडी कोणती?" दुकानदाराने विचारलं. मी गाडी सांगितली, साल सांगितलं.

"मॅडम, साल नका सांगू, व्होल्ट सांगा."

"बारा असतील," मी म्हणाले आणि खात्रीसाठी दादाला फोन लावला.

"सहा," दादा म्हणाला. "आन् प्लसची वायर बॉडीला हाय, ते बी सांग त्याला."

"दादा, बॉडीला मायनस असतं."

"ह्या गाडीत प्लस हाय."

"असं कसं असंल?"

"कसं ते तू सांग. फिजिक्स तुझं हाय."

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाईकं माझ्याकडे बघत होती. घरी येऊन शोधलं तर दादाचं खरं निघालं. त्या काळातल्या पुष्कळ इंग्लिश गाड्यांत प्लसच बॉडीला जोडलेलं असायचं. का, ते तीन ठिकाणी वाचलं. तीन ठिकाणी तीन कारणं होती आणि एकही मला धड पटलं नाही. इतकी वर्षं मी मुलांना हे शिकवत होते आणि या एका वायरीत आठवडाभर माझं डोकं अडकून पडलं.

आणखी चार दुकानं झाली. शेवटच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, "रेणापूरला एक चाचा आहेत. पूर्वी बॅटऱ्या भरायचे. बघा जाऊन."

चाचांच्या घरी गेले तर अंगणात पुदिना लावलेला होता. आठ-दहा काळ्या, जाड भिंतींच्या डब्यांतून. डब्यांना आत तीन-तीन खण होते. मी वाकून बघायला लागले तसे चाचा खाटेवरून म्हणाले, "बॅटरीचेच डबे हायत बाई ते. फेकवंना म्हणून ठेवले." त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणत्या टायमाची पाहिजे? कंपनीतून निघाली तवाची, का इथं चालायची तवाची?"

"त्यात फरक काय?"

"लई फरक हाय. कंपनीची बॅटरी दोन साल टिकली तर लई झालं. मग ती आमच्याकडं यायची. प्लेटा आम्ही घालायचो, मधल्या लाकडाच्या पट्ट्या आमच्या, वरचं डांबर आमचं. डबा फुटला तर डबा बी दुसऱ्या गाडीचा. तुमच्या वालिदांच्या गाडीत बी असंच कुणीतरी भरून दिलेली असणार."

"मग बरोबर कोणती?"

"ते मी कसं सांगू? तुमचे परीक्षक पुण्याचे."

मी आले होते एक वस्तू शोधायला, आणि आता ती वस्तू नक्की कोणती हेच हातातून सुटलं होतं.

चाचांची सून चहा घेऊन आली. सासऱ्यांचा चेहरा बघून तिला अंदाज आला असावा. "अब्बा, शिसं वितळवायचं न्हाई. डॉक्टरनं काय सांगितलंय?" चाचांनी 'हाव' म्हणून मान डोलावली. ती आत गेल्यावर त्यांनी दुसरा मार्ग काढला. एका डब्यातला पुदिना काढायचा, डबा धुवायचा, मधल्या भिंती कापायच्या. आत आजच्या दोन छोट्या, बंद, सहा व्होल्टच्या बॅटऱ्या समांतर जोडून ठेवायच्या. वर डांबर ओतायचं, जुनी तीन झाकणं बसवायची आणि त्यांच्याकडे पडून असलेल्या जुन्या शिशाच्या पट्ट्या त्यावर लावायच्या.

"म्हणजे खोटीच की," मी म्हणाले.

"खोटी कशी? गाडी चालंल की तिच्यावर. आत काय हाय ते तवा बी कुणाला दिसत नव्हतं."

दहा दिवसांनी ती पेटी घेऊन मी एसटीने नांदेडला गेले. अहमदपूरच्या पुढे रस्ता खराब होता. पेटी पायांत धरून मी बसले होते आणि डांबराच्या वासाने शेजारची बाई सारखी खिडकीकडे तोंड करत होती.

दादाच्या घरी माय ओट्यावर बसली होती. तिचं वय आता पंच्याऐंशीच्या आसपास. पेटी बघून म्हणाली, "हे काय आणलंस?"

"बाबांच्या गाडीत होती तशी बॅटरी."

"गाडीत कुठं होती बॅटरी? ती डॉक्टरच्या घरात असायची. रेडिओला."

मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. माय सांगत गेली. तेव्हा मुखेडला डॉक्टरांच्या घरी वीज नव्हती. संध्याकाळी बाबा बॅटरी गाडीतून काढून रेडिओला जोडायचे. बातम्या चालू असताना कुणी पेशंटसाठी बोलवायला आलं की तारा सोडायच्या, बॅटरी उचलून गाडीत ठेवायची आणि निघायचं. "बातम्या अर्ध्यावर राहिल्या की डॉक्टर चिडायचे. पेशंटवर न्हाई, तुझ्या बापावर."

"पण ती काळीच होती ना?" मी विचारलं. मला काळा डबा आठवत होता आणि ॲसिडने भोकं पडलेला बाबांचा खाकी शर्ट.

"लाकडाच्या खोक्यात होती," दादा म्हणाला. "दोरीची कडी होती खोक्याला. आन् शर्टाला भोकं बिडीनं पडली होती."

"काळी होती," माय म्हणाली. मग, "का लाकडाचीच होती की. मला काय ठाव, मी थोडीच उचलत होते."

प्रदर्शनात या वेळी परीक्षक दुसरे होते. त्यांनी डांबरावर बोटाने टिचकी मारली आणि कुठे मिळाली ते विचारलं. मला राहवलं नाही. आतल्या बॅटऱ्या नव्या आहेत, डबा रेणापूरच्या अंगणातला आहे, सगळं सांगून टाकलं. मला गप्प करायला दादा कोपराने ढोसत होता. परीक्षक म्हणाले, "चालतं. आत काय आहे ते आम्ही बघत नाही." बॅटरीचे पूर्ण गुण मिळाले. मग त्यांनी बॅटरीला जोडलेल्या वायरीचं लाल प्लॅस्टिक बघितलं. त्या काळी वायरीवर विणलेलं कापड असायचं म्हणाले, आणि तिथे गुण कापले. दादाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. तो खूश होता की नाराज, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

परतताना मायला आम्ही पुढच्या सीटवर बसवलं. गाडी मैदानाबाहेर पडली तशी ती दाराच्या काचेवरून हात फिरवत म्हणाली, "ह्या गाडीत मी आज पहिल्यांदाच बसले."

"असं कसं, माय?" दादा म्हणाला. "धर्माबादला लग्नाला गेलो होतो की आपण सगळे. तू पुढं बसली होतीस."

"एसटीनं गेलो होतो."

मलाही ते लग्न आठवतं. गाडीची खिडकी, बाहेरचे मिरच्यांचे लाल ढीग, पुढे मायचा अंबाडा आणि तिच्या शेजारी बाबा. मी तसं म्हणाले. माय मागे वळली आणि म्हणाली, "तू तवा माझ्या मांडीवर होतीस. एसटीत."

घराकडे वळायचं सोडून दादा गाडी सरळ गोदावरीच्या पुलाकडे घेऊन गेला. मायने कुठे चाललोय ते विचारलं नाही. पदर डोक्यावर घेऊन ती समोर बघत बसली.