गिरणीची पिन माझ्या हातात होती

हौसानं आणि मी जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हंजे घरघंटीला वायफायचा प्लग बसवला. लई साधं काम. दुपारची जेवणं झालती. मागच्या पडवीत ती घरघंटीम्होरं पाट टाकून बसलेली, मी उभा, आणि आमची लेक सविता पुण्यास्नं व्हिडिओवर. त्याला आठवडा भरायच्या आत हौसा गेली... छातीत कळ आली म्हणाली, पाणी द्या म्हणाली. मी तांब्या घेऊन येस्तोवर संपलं होतं.

हौसा म्हंजे माझी बायको. आम्ही कोल्हापुरातलं, शाहूपुरीच्या मागच्या अंगाला ऱ्हातो. मी चौथी शिकलेला माणूस, फौंड्रीत साचं भरण्यात जल्म गेला. फोनमधी बोलून लिव्हतोय, चुकलंमाकलं समजून घ्या.

आणि एक आधीच सांगतो. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस न्हाय, अंगारा न्हाय, भूत न्हाय, आत्मा बी न्हाय. कुणी म्हणलं अमक्या झाडाखाली काय दिसलं, तर मी मुद्दाम त्याच झाडाखाली जाऊन बिडी वढायचो. ह्या ग्रुपवरचं भुताखेताचं अनुभव सविता वाचून दाखवायची, तवा मी म्हणायचो — ह्यास्नी मटण जास्त झालंय. आता माझ्यावरच लिव्हायची पाळी आली. हसायचं तर हसा.

तर प्लग.

लाईटचं बिल वाढलं की मी म्हणायचो, तुझी गिरणी खातीया. ती म्हणायची, "गिरणी न्हाय, तुमचा गिझर खातोय. आंघूळ करता का म्हस धुता?" दोघांचं ऐकून सविता कटाळली आणि तिनं कुरिअरनं तो जाडा प्लग धाडला. भिंतीच्या सॉकेटात तो बसवायचा, त्याच्यात घरघंटीची पिन घालायची, की गिरणी किती करंट ओढती ते फोनात दिसतं. आमच्या फोनात बी आणि पुण्यात सविताच्या बी.

"आबा, बटन दाबून धरा. लाईट लुकलुकली की सोडा."

मी दाबून धरलं. लाईट लुकलुकली, मी धरूनच.

"सोडा की आता!" हौसा वरडली. "गळा दाबल्यागत काय धरलंय त्येला!"

पयल्यांदा जुळलंच न्हाय. वायफायची दोन नावं येत्यात, मी भलतंच दाबलं हुतं. दुसऱ्यांदा जुळलं. पासवर्ड हौसाला पाठ, मला न्हाय. मग ते यंत्र नाव मागायला लागलं. सविता म्हणाली, "स्मार्ट प्लग वन लिहा."

"वन कशाला?" हौसा म्हणाली. "गिरणी माझी हाय, माझं नाव घाल."

फोनवर "हौसा" असं आलं आणि खाली चालू-बंदचं बटन. मी म्हणलं, "चाळीस वर्सांत पयल्यांदा तुला बंद करायचं बटन घावलं बग."

"दाबून बगा."

मी दाबलं. गिरणी थांबली, हौसाचं बोलणं काय थांबलं न्हाय. सविता तिकडं हसून हसून फोन पाडायला आलती.

फोनात गिरणीचं चित्र यायचं. दाणं पडलं की रेघ वर चढायची, संपलं की खाली. हौसाला त्याचा नादच लागला. "ही बगा माझी टेकडी." गव्हाची एक लांब टेकडी, जोंधळ्याची एक. त्या दिसांत तिनं गहू आणि जोंधळाच दळला, दुसरं काय दळाय घेतलंच न्हवतं. हे ध्यानात ठेवा. आणि गिरणी काय फार खात न्हवती, ते बी दिसलं. हौसा गल्लीभर सांगत सुटली, "ह्यांचा गिझर चोर निगाला."

आता माझ्या बायकोचं थोडं सांगू द्या, मला त्याचा अभिमान हाय आणि मी तो लपवत न्हाय. घरघंटी आणली तवा गल्लीतल्या निम्म्या बायका डबा घेऊन पुढच्या चौकातल्या गिरणीत जायच्या, आमच्या दारावरनं. कारण तुमाला ठावं हाय, सांगायला नगं. मी तापायचो. हौसा म्हणायची, "तापू नगासा. पीठ दळायचं हाय, सोयरीक न्हाय करायची. चांगलं दळलं की येतील." पयल्या आल्या त्या पद्माक्का. जैनाच्या, कडक सवळ्याच्या बाई. चिमूट पीठ जिभंवर ठेवलं, आणि दुसऱ्या दिशी मोठा डबा घेऊन आल्या. मग सगळी आली. पद्माक्कांची थालिपिठाची भाजणी तर बेळगावला, निपाणीला त्यांच्या पावण्यांत जायची आणि तिकडं लोक इचारायचं, दळली कुणी? हौसानं. माझ्या हौसानं.

ती गेली तवा पद्माक्कांचा भाजलेल्या धान्याचा डबा आमच्याकडंच हुता, दळायचा ऱ्हायलेला. पुण्यानुमोदन झालं, पावणंरावळं गेलं, सविता बी पुण्याला परतली. घर मोकळं. मी म्हणलं, बाईनं घेतलेलं काम हाय, आपण पुरं करू. फौंड्रीत लोखंड वतलंय, डाळतांदूळ काय अवघड! निम्मा डबा एकदम वर वतला आणि बटन दाबलं. जरा वेळानं वास सुटला. मशीन गरम, जाळी तुंबलेली, आणि पीठ... पीठ कसलं, तेलकट गोळं नुस्तं.

पद्माक्कांनी ते हातात घेतलं. त्या आडपडदा ठेवत न्हाईत.

"आबा, हे म्हशीला घाला."

"अक्का, मशीनच तसलं हाय हो..."

"मशीन तेच हाय. हात गेला." आणि पदर डोळ्याला लावून गेल्या. डबा तसाच ठेवून.

ते मला लागलं. दुसऱ्या बायका बी परत चौकातल्या गिरणीकडं वळाल्या, कुणाचं चुकलं म्हणू? मी सविताला म्हणलं, इकून टाक. तिनं मलकापूरचं एक गिऱ्हाईक बघितलं. सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी पुण्याला जायचं, घराला कुलूप. हौसाची गिरणी मलकापूरला कुणाच्या तरी शेडात... ठरलं.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, लख्ख ऊन, मी पडवीत घरघंटी पुसत हुतो. पिन काढली. वायर गुंडाळाय घेतली. प्लग तेवढा भिंतीत तसाच ऱ्हायलेला, तो सविताचा, तो द्यायचा न्हवता. तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, गिरणी कोण चालवतंय?"

"कोण चालवणार? पुसतोय मी."

"मग बंद करा ना. करंट ओढतेय ती, माझ्या फोनवर दिसतंय."

"अगं पिन माझ्या हातात हाय."

"आबा, चेष्टा नको."

मी फोन फिरवून तिला दावलं. भिंतीत प्लग, प्लगात काय न्हाय. माझ्या हातात पिन, वायर, वायरीच्या टोकाला घरघंटी, गप. मी तिच्यावर हात ठेवला. गार. थरथर न्हाय, काय न्हाय. सवितानं फोन डोळ्याजवळ नेला. मग बारीक आवाजात म्हणाली, "आबा, अजून चालू आहे. वर चढतंय."

मी पिन हातात घेऊनच पाटावर बसलो. म्हणलं, "काय दिसतंय ते वाचत ऱ्हा."

"थोडंसं वर गेलं... फार नाही. रिकामी फिरवल्यासारखं. आता चढलं... उतरलं. बंद झालं आबा."

"गप. ऱ्हा बघत."

"परत चालू. थोडं चढलं... उतरलं. बंद." जरा वेळ गेला. "परत चालू..."

आणि मला कळलं की हो. मी म्होरल्या खोलीत टीव्ही बघत बसायचो, आणि मागं गिरणी गर्रर्र करून थांबायची, परत गर्रर्र, परत थांबायची. मी वरडायचो, "बिघडली का गं?" ती वरडायची, "तुम्ही तुमचा टीव्ही बगा!" किती वर्सं ऐकलं ते. गव्हाला ती असं करत न्हवती, जोंधळ्याला न्हाय. एकाच कामाला करायची.

"सविता," मी म्हणलं, "भाजणी हाय ती."

"काय?"

"तुझी आई भाजणी दळतीया. मूठमूठ सोडायची, थांबायची, गार हू द्यायची, मग म्होरली मूठ. मी सगळं एकदम वतलं म्हणून बोंबललं."

सविता तिकडं रडाय लागली. "आबा, तुम्ही पण रडताय का?"

"रडायला काय झालं? काम चाललंय. म्होरलं वाच."

तिनं वाचलं. लई वेळ चाललं ते. मी पाटावर, पिन मांडीवर, समोर गप मशीन. वाईट वाटावं, तर तसं काय वाटत न्हवतं. छाती भरून आलती. शेवटाला सविता म्हणाली, "बराच वेळ बंद होतं. आता एकदाच, अगदी छोटं चढलं. आणि संपलं आबा. शून्य."

ते शेवटलं बारकं काय ते मी लगीच वळखलं न्हाय. जाळी हातात घेऊन इचार करत बसलो, मग ध्यानात आलं. कोरडं तांदूळ. हौसाच्या गिरणीपाशी कायम वाटीभर कोरडं तांदूळ असायचं. मला वाटायचं चिमण्यांना. शेवटाला मूठभर तांदूळ सोडला की जाळीत अडकलेलं सगळं निगून येतं... फौंड्रीतला माणूस मी, आणि हे माझ्या घरात चालायचं नि मला पत्ता न्हवता.

आता तुम्ही म्हणाल, आधीची कवाची तरी माहिती उशिरा आली असंल. जावई बी तेच म्हणाला, तो कॉम्प्युटरवाला हाय. मी म्हणलं, प्लग बसवल्यापास्नं हौसानं भाजणी दळलीच न्हाय, तर ती माहिती येणार कुठनं? त्याच्या आधी तर प्लगच न्हवता. मी दळलेली असंल म्हणावं, तर माझी एकच उंच टेकडी हाय, मशीन तुंबस्तोवर. ती निराळी दिसती. जावई म्हणाला, मग वायरिंग बघा. वायरमन बोलावला. त्यानं टेस्टर लावला, प्लग उलटा करून बघितला, चहा पिऊन गेला. समदं बराबर हाय म्हणाला. ते चित्र अजून सविताच्या फोनात हाय. माझ्या बी. दिस तो, येळ दुपारची, आणि बारक्या बारक्या टेकड्या एकामागं एक, टाका घातल्यागत सारख्या.

आत्मा हाय असं मी अजून म्हणत न्हाय. बुद्धानं न्हाय म्हणलंय, मी बी न्हाय म्हणतो. मग ते काय हुतं, असं मला कुणी इचारू नगा. मला ठावं न्हाय. कुणाला ठावं असंल तर लिवा, पर उगंच भीती घालाय लिवू नगा. मी भ्यालो न्हाय. आपल्या बायकोला कुणी भितंय व्हय... म्हंजे भितंय, पर असं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. आंघूळ केली. भिंतीतल्या प्लगात पिन घातली, पद्माक्कांचा उरलेला निम्मा डबा काढला आणि पाटावर बसलो. आधी रिकामी फिरवली. मग मूठ सोडली. थांबलो. हात लावून बघितला, गार झाली, मग म्होरली मूठ. उन्हं वर आली तरी चाललंच हुतं. शेवटाला तांदूळ. डबा उघडला तर वास आला... धन्याचा, उडदाचा, खमंग. जळका न्हाय.

पद्माक्का आवाज ऐकून आपल्या आपण आलत्या. चिमूट जिभंवर ठेवली. मी फौंड्रीतल्या सायबाम्होरं कवा उभा ऱ्हायलो न्हाय तसा उभा.

"धनं जरा जाड ऱ्हायलेत," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"हौसाचं असं नसायचं."

"न्हाय. तिचं असं नसायचं."

"पर चालंल. बेळगावला धाडते." आणि डबा काखंत मारून चालत्या झाल्या.

तेवढ्यात मलकापूरचा गडी टेम्पो लावून आत आला. घामाघूम. "आबा, उचलायची का?"

"पावणं, बसा. च्या घ्या."

"न्हाय, उशीर हुतोय. गिरणी कुठाय?"

"ही काय, गरम हाय अजून. चालू गिरणी कोण इकतंय?" त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. भला माणूस हुता, लांबनं आलेला. त्याला रिकाम्या हातानं धाडणं बरं दिसलं न्हाय, म्हणून गिरणीच्या तळाला ऱ्हायलेली थोडी भाजणी पिशवीत घालून हातात दिली. "घरात थालिपीठ लावा. आवडलं तर म्होरच्या खेपंला धान्य घेऊन या, दळून देतो."

तो टेम्पो वळवत हुता तवर मी दारात आलो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वरडलो — "हौसाची गिरणी चालू हाय! डबं आणा!"