जगदेवानं पाह्यलं हो

विहिरीत तो डबा मीच पाडला. इतकी वर्षं मी "डबा पडला" असं सांगत आलो, जणू डब्याला स्वतःचे पाय होते. पण कमिटीची नोकरी सुटून आता जमाना झाला. माझ्यावर चौकशी बसवायची तर आधी मला हाताला धरून खुर्चीवर बसवावं लागेल. तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

साल चौतीस असेल, नाहीतर पस्तीस. वैशाख होता. मी आमच्या गावच्या म्युनिसिपल कमिटीत जन्म-मृत्यूचा कारकून होतो. माणसाला येताना एकदा आणि जाताना एकदा माझ्या टेबलावरून जावं लागे. मधल्या काळात मला कोणी विचारत नसे. आसेगावच्या बाजूला पटकी आल्याची कुणकुण होती, म्हणून वरून हुकूम आला की विहिरींत लाल दवा टाका. दवेचा डबा रेल्वेनं जऊळक्याला उतरला आणि तिथून छकड्यात बसून आमच्याकडे आला. मूठभर दवा बादलीत कालवायची आणि बादली विहिरीत बुचकळायची, इतकंच काम होतं. पाणी घटकाभर गुलाबी दिसतं आणि दुसऱ्या दिवशी निवळतं.

बाजारातल्या मोठ्या विहिरीवर मी डबा काखेत धरून उभा होतो आणि दवा कालवणाऱ्या माणसाला ती कशी कालवू नये ते समजावून सांगत होतो. तेवढ्यात एक गांधीलमाशी माझ्या कानाशी आली. मी हात वर केला. ज्या काखेत डबा होता, तोच हात वर केला.

खालून 'डुबुक्' असा आवाज आला. आम्ही वाकून पाहिलं, तेव्हा पाणी वांग्याच्या रंगाचं होत चाललं होतं.

ही विहीर म्हणजे गावाचा अभिमान. असं गोड पाणी सात कोसांत नाही, असं जो तो पाहुण्याला सांगे. नवी सून घरात आली की तिला आधी देवाला नेत आणि मग या विहिरीचं पाणी पाजत. त्या पाण्याचं मी असं केलं होतं. दुपारपर्यंत विहिरीभोवती घागरींचा गराडा पडला आणि घागरींहून जास्त संशय गोळा झाला. कमिटीला गावात नळ आणायचे आहेत, म्हणून तिनं विहीर मारली, असं एकाचं म्हणणं. या दवेनं बायकांची कूस वाळते, असं दुसरा सांगत होता. तिसरा नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

या सगळ्यांच्या पुढे प्रयागबाई होत्या. घरची दोन नांगरांची शेती एकट्या विधवेनं चालवलेली, आवाज मोटेवरच्या गड्यासारखा. त्यांनी माझ्या धोतरावरचे जांभळे डाग न्याहाळले आणि म्हणाल्या, "बाबूजी, तुमच्या धोतराचं असं झालं, तं आमच्या आतड्याचं काय होईल?"

दुसऱ्या दिवशी मी शूरपणा करायला गेलो. सगळ्यांच्या देखत त्या विहिरीचं लोटाभर पाणी प्यालो. पाण्यानं काही झालं नाही, पण माझ्या मिशा आणि पुढचे दात तपकिरी झाले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कारकुनाचे दात सडले.

आमचे प्रेसिडेंट मिश्रीलालजी. कापडाचं दुकान, धर्मानं जैन, माणूस देवासारखा. मी त्यांना म्हटलं, आता आपणच चार लोकांसमोर प्या. ते लगेच तयार झाले. पण त्यांच्या घरी पाणी गाळून, उकळून मगच पीत, जन्मभराचा नेम. ते उकळलेलं पाणी प्याले आणि बायका म्हणाल्या, उकळल्यावर विषही मरत असेल. चूक बायकांची नव्हती.

गोष्ट हसण्यावारी गेली असती, पण तिसऱ्या दिवशी मी नाल्यावर गेलो आणि हसणं विसरलो. गावातल्या सगळ्या घागरी तिथे आल्या होत्या. बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. आणि नाला कुठून येतो? आसेगावच्या बाजूनं. तिकडे वर लोक आजाऱ्यांची अंथरुणं धूत असतील, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. पटकी गावाच्या वेशीशी होती आणि मी माझ्या हातानं तिच्यासाठी दार उघडलं होतं. जन्म-मृत्यूचं रजिस्टर माझंच. त्यात पुढच्या आठवड्यात कोणाची नावं लिहावी लागतील, हे मनात येऊ लागलं आणि मला जेवण जाईना.

आता एकच माणूस उरला होता. त्याचं नाव जगदेव. कमिटीचा दवंडीवाला.

जगदेव उंच, वाळका आणि खांद्यातून थोडा वाकलेला. डोळे सदा बारीक केलेले, समोरचा माणूस त्याला काहीतरी खोटं विकायला आला आहे असे. गळ्यात डफडं. त्याच्या दवंडीची एक खासियत होती, ती सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी कमिटीनं त्याच्याकडून दवंडी पिटवली होती की कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा बांधा, पट्टेवाल्या कुत्र्याला कोणी हात लावणार नाही. लोकांनी पट्टे बांधले. कमिटीची माणसं आली आणि पट्ट्यासकट कुत्री मारून गेली. प्रयागबाईंचा मोत्या त्यातच गेला. लोक कमिटीला काय बोलणार? ते जगदेवाला बोलले. वर्षभर कोणी त्याच्याशी धड बोललं नाही. एके दिवशी तो कचेरीत आला, डफडं मिश्रीलालजींच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला की आजपासून जे मी पाहीन ते मी पाहिलं म्हणून सांगीन आणि जे तुम्ही सांगाल ते तुम्ही सांगितलं म्हणून सांगीन. पटत नसेल तर डफडं घ्या.

डफडं घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हापासून त्याच्या दवंडीला दोन शेपट्या आल्या. रस्त्यात कंदील लावले, अशी दवंडी असली की आधी तो जाऊन कंदील मोजून येई आणि शेवटी आवाज काढी, "जगदेवानं पाह्यलं होऽऽ!" पण नुसताच कचेरीचा कागद असला की शेवटी येई, "कमिटी म्हन्ते होऽऽ!" हे दुसरं ऐकलं की लोक पुन्हा आपल्या कामाला लागत. पहिलं ऐकलं की उठत. एकदा टोचणीवाला डॉक्टर आला, तर जगदेवानं आधी त्याच्याकडून स्वतःचा दंड टोचून घेतला, आठ दिवस फोड बघत बसला आणि मगच डफडं उचललं. तोवर डॉक्टर कंटाळून निघून गेला होता.

विहिरीबद्दलही त्याची दवंडी झाली होतीच. "इहिरीचं पानी चांगलं हाय, खुशाल प्याऽऽ, कमिटी म्हन्ते होऽऽ!"

मी त्याला चावडीच्या लिंबाखाली गाठलं. हातात त्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला लोटा होता. चार दिवसांत रंग बराच उतरला होता. म्हटलं, जगदेवा, हे पी आणि नीट दवंडी दे, गावावर संकट आहे.

त्यानं लोट्याकडे पाहिलं, मग माझ्या दातांकडे.

"हे पानी कोनत्या इहिरीचं?"

"बाजारातल्या विहिरीचं. मी स्वतः आणलं."

"तुमी आनलं ते तुमी पाह्यलं, बाबूजी. म्या कुठी पाह्यलं? म्या काढीन तं म्या सांगीन."

मी लोटा मागे घेतला. कारण जगदेव महारवाड्यातला. त्यांची विहीर वेगळी, बैलबाजाराच्या पलीकडे. बाजारातल्या विहिरीच्या ओट्याला त्यांच्यातल्या कोणाचा पाय आजवर लागलेला नव्हता. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि त्या मिनिटापर्यंत त्यात काही विचित्र आहे असं मला एकदाही वाटलेलं नव्हतं. त्या मिनिटालाही आधी वाटला तो जगदेवाचा संशय. हा माणूस सरळ बोलतो आहे, की मला पेचात धरतो आहे? मी त्याचे बारीक डोळे वाचायचा प्रयत्न केला. काही लिहिलेलं नव्हतं.

कमिटीची बैठक झाली. तिचा वृत्तांत मी लिहिला, तो दीड ओळीचा आहे. बैठक तीन तास चालली. एक मेंबर म्हणाले, हे भलतंच. दुसरे म्हणाले, दुसरा दवंडीवाला बघा. मिश्रीलालजी म्हणाले, दुसरा मिळेल, पण त्याचं ऐकेल कोण? जगदेवाला बोलावून, ओट्याखाली उभं राहून दुसऱ्यानं काढलेलं पाणी बघ, असं सुचवलं गेलं. तो म्हणाला, बघतो की. पण मग दवंडीत तेच सांगीन, की जगदेवाला ओट्याखाली उभं केलं आणि दुसऱ्यानं काढलेलं दाखवलं. कोणालाच ते नको होतं.

त्याच दिवशी सकाळी माळी गल्लीत एकाला उलट्या सुरू झाल्या.

बातमी बैठकीत पोचली तेव्हा प्रयागबाई पायऱ्या चढून आत आल्या. कचेरीत बाईमाणूस येण्याची चाल नव्हती. त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि पदर सावरून बोलल्या, "मोत्या गेला तवापासून मी या कमिटीच्या बोलन्यावर विश्वास ठेवत नाई. जगदेव पाह्यलं म्हनेपरेंत मी त्या पान्याले हात लावनार नाई. अन् काढल्याशिवाय तो म्हनत नाई. लेकरं नाल्याचं पिऊन राह्यले. मंग काढू द्या त्याले. ज्याले इटाळ होत असंल त्यानं नाल्यावर जावं."

मिश्रीलालजींनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, बोलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेव आला तो स्वतःची बादली आणि स्वतःचा दोर घेऊन. विहिरीवर गाव लोटलं होतं. एकानं आपली बादली पुढे केली. केवढं मोठं मन करून केली असेल ते त्याचं त्याला माहीत. जगदेवानं ती उलटी करून बूड पाहिलं, नखानं खरवडलं, हुंगली आणि परत दिली. म्हणाला, हिला दवा लागली असेल. गावानं त्याच्या शिवण्याचा संशय घ्यावा, तर तोच गावाच्या बादलीचा संशय घेत होता. काही लोक रागावले. पण रागवावं नक्की कशावर, ते ठरेना.

ओट्यावर पाय ठेवताना तो थांबला, एवढंच. मग चढला.

पहिली बादली काढली आणि ओतून दिली. दुसरी उन्हात धरून बघितली आणि तीही ओतून दिली. तिसरीतून ओंजळ भरली, थोडं तोंडात घेऊन गालात फिरवलं, डोळे मिटले आणि गिळलं. मग पोटभर प्याला. गाव पुढे सरकलं.

"पाह्यलं ना?" मी विचारलं.

"तोंडानं पाह्यलं. पोटानं पाह्याचं हाय."

आणि तो लिंबाखाली जाऊन बसला. सकाळचे दहा वाजले होते. तासाभरानं तो खोकला, तर तीन बायका दचकल्या. दुपारी त्याची बायको गोजराबाई भाकर घेऊन आली, तर तिला त्यानं परत पाठवलं. भाकरीनं पोट दुखलं तर पाण्याचा निकाल कसा लागणार? मी समोरच्या ओसरीवर बसून त्याच्या पोटाकडे बघत होतो. दुसऱ्याच्या पोटाकडे इतक्या भक्तीनं मी पुन्हा कधी बघितलं नाही.

उन्हं कलली तसा तो उठला, धोतर झटकलं आणि डफड्यावर थाप मारली.

"बाजारातल्या इहिरीचं पानी प्याऽऽ! नाल्याचं टाकाऽऽ! जगदेवानं काढलं, जगदेवानं पेलं, जगदेवानं पाह्यलं होऽऽ!"

पहिली घागर प्रयागबाईंनी बुडवली. दिवेलागणीच्या आत नाल्यावर चिटपाखरू नव्हतं. माळी गल्लीतला माणूस उठून बसला. त्या वर्षी माझ्या रजिस्टरात पटकीच्या रकान्यात एकही नाव आलं नाही.

पुढच्या वर्षी दवा टाकली तेव्हा लोकांनी आपणच विचारलं, जगदेवानं पाहिलं का? मग दर वर्षी तो पाहू लागला. पहिल्या वर्षी एकटा आला. दुसऱ्या वर्षी दोर धरायला पुतण्या बरोबर होता. तिसऱ्या वर्षी दोर धरायला चौघे होते आणि गोजराबाईंच्या कमरेवर घागर होती, तीही दवेचा गुण बघायला, असं सांगण्यात आलं. पाचव्या वर्षी दवा टाकायची राहूनच गेली, तरी पाहणी झाली. काही लोक कुरकुरले, एक-दोघांनी वाट बदलली. प्रयागबाई ओट्यावर असल्या की कुरकुर हळू आवाजात होई.

मला मात्र लिंबाखालच्या त्या दिवसापासूनचा संशय सोडत नव्हता. नोकरी सुटल्यावर एकदा मी बैलबाजाराच्या पलीकडे त्याच्या घरी गेलो. तोवर मी त्याला अहो-जाहो करू लागलो होतो आणि तो त्याबद्दलही थोडा संशयानंच बघत असे. डफडं खुंटीला होतं, डोळे अजून बारीकच होते. मी म्हटलं, "जगदेवराव, आता दोघंही म्हातारे झालो, खरं सांगा. ते सगळं ठरवून केलं ना? आमच्या विहिरीचं गोड पाणी प्यायचं होतं म्हणून?"

त्यानं उठून कोपऱ्यातल्या घागरीतून लोटा भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"कायले? आमच्या इहिरीचं त्याच्याहून गोड हाय."