मामाचं पार्सल

कंत्राटदाराने सामान आणायचं म्हटलं की आमच्या मामाचा आवाज चढायचा. "काम त्याचं, सामान आपलं. दोन्ही त्याच्या हातात दिलंस तर घर त्याचं आणि भाडेकरू तू!" हे तो मुंबईहून फोनवर सांगायचा आणि मी इकडे रत्नागिरीत निमूट ऐकायचो.

ऐकायचो, कारण मला शिकवलं त्याने. स्वतः शाळा सोडून मुंबईला एका कंपनीत शिपाई झाला, आणि घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्याच्या पगारावर. वह्यांपासून बुटांपर्यंत सगळं मुंबईहून यायचं. बूट नेहमी एक नंबर मोठे. रत्नागिरीतही बूट मिळतात, हे त्याला कोण सांगणार?

दोन वर्षांपूर्वी आई अंगणात पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशननंतर ती वॉकर धरून चालू लागली, पण न्हाणी मागच्या अंगणापलीकडे. पावसाळ्यात तिथल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. पाऊस लागायच्या आत घरातच बाथरूम बांधायचं ठरलं. कंत्राटदार दिनूभाऊ म्हणाले, "सामानासकट द्या, पंधरा दिवसांत मोकळे करतो." हे मामाला कळलं आणि पार्सलं सुरू झाली.

रातराणी एसटीने नळ यायचा. तो उतरवून घ्यायला मी उजाडता हायवेवर हातखंब्याच्या नाक्याला हजर. नळ आला तर त्याला पाइप जमेना. पाइप आला तर जोड राहिलेला. गवंडी पडवीत चहा पीत बसायचे आणि आई त्यांच्याकडे बघत बसायची. दिनूभाऊ विचारायचे, "सर, वाळूपण मुंबईहूनच येणार काय?" मी तावातावाने फोन लावायचो. तिकडून "जेवलास काय रे?" आलं की मी काय जेवलो तेच सांगत बसायचो.

मग लाद्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, तोंड दिसेल अशा. दिनूभाऊंनी एक खाली ठेवली, पाणी ओतलं, अनवाणी पाय टेकला आणि पटकन भिंत धरली. "मी लावतो, सर. पण आईंना ह्यावरून तुम्ही चालवा."

त्या दिवशी मी मामाला पहिल्यांदा नाही म्हणालो. "मामा, ह्यावर आई पडेल. लाद्या दिनूभाऊ आणतील."

मामा हळूच म्हणाला, "दुकानातल्या सगळ्यात भारी होत्या रे." आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच दारात. माझ्याशी न बोलता दिनूभाऊंच्या स्कूटरवर मागे बसून दुकानात गेला. तिथे चपला काढून एकेका लादीवर पाय घासत राहिला. दुकानदार वैतागला. शेवटी दिनूभाऊंनी एक खरखरीत, मातकट लादी पुढे केली. "सारवल्यासारखी दिसते," मामा म्हणाला, आणि तीच घेऊ दिली. मुंबईच्या लाद्या भिंतीला लागल्या.

बाथरूम झालं तेव्हा साबणाचं पाणी ओतून, लुंगी वर खोचून मामा आधी स्वतः चालला. मग आई आत गेली. हा दाराबाहेर उभा.

"आक्का, घसरत नाही ना गो?"

"नाही."

"नळ फिरतो? आक्का? घसरत नाही ना?"

"मेल्या, आंघोळ करू देशील की नाही?"

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

गेल्या वर्षी मामा गेला. आई अजूनही आंघोळीला गेली की थोड्या वेळाने आतून सांगते, "नाही घसरत." बाहेर कुणी विचारलेलं नसतं.