गुलमोहराला ठोकलेली पाटी

बुलडाण्याला वकिली सुरू केली तेव्हा मी माझ्या नावाची पाटी कचेरीसमोरच्या गुलमोहराला ठोकली. दोरीने टांगली नाही, तारेने बांधली नाही. लोहाराकडून बोटभर लांबीचे खिळे करून आणले आणि सालीतून थेट लाकडात घातले. मग चार पावलं मागे सरून, मान तिरपी करून पाहिलं. पाटी अगदी सरळ लागली होती. त्या सगळ्या प्रकरणात सरळ झालेली तेवढी एकच गोष्ट.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कायदा शिकायला नागपूर, मोठा साहेब नागपूरचा, आणि मीही नागपूरहून नवा कोट शिवून आलेलो. बुलडाण्याची हवा थंड, म्हणून साहेब लोक इथे रमायचे; त्यांतल्याच कोण्या हौशी साहेबाने मागे कचेरीच्या रस्त्याला गुलमोहरांची रांग लावून ठेवली होती. वैशाखात ती अशी फुलायची की दावा हरलेला माणूससुद्धा बाहेर आल्यावर घटकाभर वर पाहायचा. त्याच सावलीत गाड्या सुटायच्या, अर्जनवीस पेट्या मांडून बसायचे, आणि वकील-अशिलांची घासाघीस चालायची. माझी खोली मात्र मागच्या गल्लीत, तेलघाणीला लागून. तिथवर येणाऱ्या अशिलाला वाटेत जुने नाणावलेले वकील लागत, आणि तो त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी ओट्यावर बसकण मारी. म्हणून पाटी रस्त्यावर हवी होती. बायको म्हणाली, दाराला लावा की, ते झाड काय आपलं आहे? तिला मी सार्वजनिक जागेचा कायदा समजावून सांगितला. तो मला स्वतःला येत नव्हता, पण तिने फक्त "बरं" म्हटलं. तिचं "बरं" किती महाग पडतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वडिलांनी मुदत घालून दिली होती. सालदार गड्याचं साल जसं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं, तसं माझंही ठरलं. येती आखाजी सोडून तिच्या पुढल्या आखाजीपर्यंत एखादं धड प्रकरण हाती आलं तर वकिली, नाही तर मुकाट्याने गावच्या शाळेत मास्तरकी. आणि धड प्रकरण डोळ्यांसमोर एकच होतं. मोताळ्याकडच्या एक पाटलीणबाई. त्यांचे यजमान वडिलांचे स्नेही, ते वारल्यापासून दीर दर साली नांगर फिरवताना धुऱ्यात शिरत होता. धुरा म्हणजे दोन वावरांमधली पडीक पट्टी. आमच्याकडे तिच्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. पाटलीणबाईंनी पहिल्या खेपेला आपली बैलांची दमणी नेमकी माझ्या पाटीखाली सोडली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या की दीर पंचांचं ऐकते का ते आधी पाहीन, मग कोर्ट. जाताना बोलल्या, "बैल घ्याचा तं दात पाह्यतो आमी. वकील घ्याचा तं काय पाह्याचं, हे मले अजून समजलं नाई." त्यांच्यामागे सगळी मोताळ्याची बाजू माझ्याकडे येणार, असा माझा हिशेब होता.

पावसाळा गेला. हिवाळ्यात माझ्या झाडाची पानं गळाली. कोणी विचारलं की मी ठणकावून सांगे, गुलमोहर हिवाळ्यात पानं गाळतोच, वाचा जरा. वैशाख आला. रांग फुलली. माझं झाडही फुललं, पण अर्धं! पाटीच्या मागची अर्धी बाजू लालभडक, आणि पाटीच्या बाजूच्या फांद्या शेंड्यापासून खाली वाळत आलेल्या, नुसत्या काड्या. जवळ जाऊन पाहिलं तर खिळ्यांभोवतीची साल आत बसलेली, कडेला चिरलेली, चिरेतून काळपट डिंक ओघळलेला. तो नेमका माझ्या नावावरून खाली गेला होता. वाळक्या सालीवर खसखस शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके. सालीचा टवका काढला तर आतलं लाकूड तपकिरी, सडक्या सुपारीसारखं.

मग काय विचारता. वकिलांच्या खोलीत मी पाय ठेवला की कोणीतरी गंभीर चेहऱ्याने विचारी, काय हो, तुमच्या पहिल्या अशिलाची प्रकृती कशी आहे? दुसरा म्हणे, अपील करा, वर फांद्या शिल्लक आहेत. हे एक वेळ सोसलं. पण खेड्यातले लोक थट्टा करत नव्हते, ते खरंच घाबरत होते. दमण्या माझं झाड सोडून पुढच्या झाडाखाली सुटायला लागल्या. ज्याच्या नावानं हिरवं झाड सुकते त्याच्या हाती कागद द्याचा कसा, असं एक म्हातारा अर्जनविसाला विचारत होता, आणि मी त्याच्या पाठीशी उभा होतो.

सल्ल्यांना तर ऊत आला. एकाच्या मते कोणीतरी बुंध्यात हिंग भरला. दुसऱ्याच्या मते वीज, जी त्या वर्षी कुठेच पडली नव्हती. सुलतानपूरच्या एका भल्या माणसाने लोणारच्या तळ्याचा खार पोतंभर आणून दिला. म्हणाला, यानं कपडे निघतात तर कीड का निघणार नाही? बिनतोड युक्तिवाद वाटला. खार कालवून मी खोडाला थापला. पहिल्या सरीत तो खाली उतरला आणि बुंध्याभोवतीचं गवत जाळून गेला. झाडाचा रोग होता तसाच राहिला, कदाचित थोडा टवटवीत झाला.

यात कोर्टाच्या नाझरांनी मला बोलावलं. आवाराची झाडं त्यांच्या ताब्यात. त्यांनी फार चांगल्या शब्दांत विचारलं की सरकारी झाडाला खिळे मारण्याचं कलम कोणतं. मग ते म्हणाले, दुखणं तुम्ही लावलंत, औषधपाणीही तुम्हीच करा. वर पाटी आधी काढायला सांगितली.

पाटी मी काढली. खिळे ओढून काढले, चांगले लांब, मजबूत खिळे, टाकवेनात. आणि पाटी खोलीत उलटी ठेवून वकिली कशी करणार? पुढचं झाड टवटवीत होतं, दमण्याही आता तिथेच सुटत होत्या. तेच खिळे, तीच पाटी, पुढच्या झाडाला. नाझरांनी "काढा" म्हटलं होतं, "दुसरीकडे लावू नका" असं म्हटलं नव्हतं. बायकोने पुन्हा "बरं" म्हटलं.

पावसाळा लागला आणि दुसऱ्या झाडाचे शेंडे वाळू लागले. माझं डोकं फिरायची वेळ आली. त्याच सुमारास शेतकी खात्याचे एक अधिकारी कपाशीच्या मर रोगासाठी जिल्ह्यात फिरत होते. त्यांना मी डाकबंगल्यावरून जवळजवळ ओढतच आणलं. ते म्हणाले, मी कपाशीचा माणूस, शोभेच्या झाडांशी माझा काय संबंध? पण साल खरवडून पाहताच त्यांना राहवेना. ही बुरशी आहे, म्हणाले. हिंग नाही, वीज नाही. जखमेतून आत शिरते, सालीखाली पसरते, फांदीचा रस तोडते, आणि फांदी वरून खाली मरत येते. उपाय एकच. पाऊस उघडू द्या, कोरड्या दिवसांत सडक्या लाकडाच्या वितभर खाली, निरोग्या लाकडात कापा, कापलेलं जाळून टाका, जखमेवर मोरचूद आणि चुन्याची लापशी लावा. आणि प्रत्येक काप घेतल्यावर कोयता जाळावर धरा किंवा रॉकेलने पुसा, नाही तर रोग कोयत्यावर बसून पुढच्या झाडावर जाईल. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी सगळं लक्षात ठेवलं. लक्षात ठेवणं आणि ऐकणं यांत जो फरक आहे तो मात्र राहून गेला. पाऊस उघडायची वाट पाहायला माझ्याकडे सवड नव्हती, पुढची आखाजी दिसू लागली होती. भर श्रावणात दोन माणसं आणि एक कोयता घेऊन मी उभा राहिलो. पहिल्या झाडाच्या मेलेल्या फांद्या उतरवल्या. मग दुसऱ्याच्या. हात चालूच होता, तेव्हा विचार केला, रोग यायची वाटच कशाला पाहायची, सगळ्या रांगेचे शेंडे आजच छाटून टाकू, म्हणजे बुरशीला धरायला जागाच उरणार नाही. त्या माणसांतल्या एकाने कोयता पुसायचा का म्हणून विचारलंही. मी म्हटलं, कोयत्याला काय सोवळं पाळायला लावायचं आहे? लापशी लावली, पण संध्याकाळच्या पावसाने ती धुऊन नेली. कापलेल्या फांद्या ओल्या, जळेनात. मग त्यांचंच कुंपण केलं, टोकाच्या निरोग्या झाडांना गुरांपासून राखायला! आज हे लिहितानासुद्धा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढचा वैशाख लागला तरी कचेरीसमोर लाल रंगाचं एक फूल नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या काटक्या, जिथे जिथे माझा कोयता पडला होता तिथे तिथे साल बसलेली, डिंक ओघळलेला. अर्जनविसांनी पेट्या उचलून दूर चिंचेखाली नेल्या. नाझर माझ्याशी बोलायचे थांबले. वकिलांनी थट्टा सोडली, आणि ते मला सगळ्यात लागलं.

आखाजी तोंडावर आली असताना पाटलीणबाईंची दमणी आली. सावलीच नव्हती; बैल उन्हातच सुटले. दिराने पंचांना जुमानलं नव्हतं, औंदा त्याने धुरा अर्धा खाल्ला होता. त्या थेट माझ्या खोलीत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, लोक सांगून राह्यले तुमचं नाव अपशकुनी हाये म्हून. मी नाई मानत. झाडाचं नशीब झाडापाशी. काढा तुमचा कागद, अंगठा देतो.

वकालतनामा मी समोर ठेवला. शाईची पेटी उघडली. एवढ्यावर थांबलो असतो तर! पण मनात आलं, बाई अपशकुन मानत नाहीत हे खरं, तरी नशिबावर का होईना काहीतरी ढकलताहेतच; ही अंधश्रद्धा मुळापासून उपटलीच पाहिजे. मी उठलो, कोटाची बटणं लावली, आणि नागपूरला शिकलेल्या ढंगात साद्यंत मांडणी केली. नशीब नव्हे, बुरशी. ती खिळ्याच्या जखमेतून शिरली. त्याच खिळ्यांवरून दुसऱ्या झाडात गेली. न पुसलेल्या कोयत्यावरून रांगभर पसरली. एकेक दुवा जोडून दाखवला, पुरावा म्हणून सालीचा तुकडा हातात दिला. जन्मात इतकं निर्दोष भाषण मी नंतर कधीच केलं नाही. दारात बायको उभी होती. ती डोळ्यांनी मला गप्प बसवत होती, आणि मला वाटलं ती कौतुकाने पाहते आहे.

पाटलीणबाईंनी सालीचा तुकडा उलटा-पालटा करून पाहिला. अंगठा शाईच्या पेटीवर टेकला होता, तो त्यांनी उचलून पदराला पुसला.

"म्हंजे हे सारं तुमी केलं?"

"हाव. पण शास्त्रानं पाहिलं तर—"

"येक झाड वाचव्याले गेले अन् सारी रांग सुकवली तुमी," त्या उठत म्हणाल्या. "माहा येक धुरा सोडव्याले लावला तं सारं वावर घालवसान, वकीलसायेब."