लंकेत विसरलेली छत्री

लंकेत मला कोणीही फसवलं नाही. टॅक्सीवाल्यांनी नाही, पुजाऱ्यांनी नाही, चपला सांभाळणाऱ्यांनी नाही, माणिक म्हणून लाल काच दाखवणाऱ्यांनीही नाही. मला फसवलं ते माझ्या साडूंनी, आणि तेही स्वतःच्या खिशातले पैसे घालून. मी घसा फोडून भाव निम्म्यावर आणायचा, आणि मी पाठ फिरवली की यांनी छत्री विसरल्याचं निमित्त करून मागे जायचं आणि उरलेला निम्मा त्या माणसाच्या हातावर ठेवायचा, असा उद्योग या गृहस्थांनी परमुलखात सगळा प्रवासभर केला. फसवणारे मी पुष्कळ पाहिले. दुसऱ्याला जिंकवून फसवणारा माणूस देवाने एकच घडवला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या पदरात टाकला.

हे मला एवढं का लागलं, ते सांगतो. मी जवळा बाजारच्या गुरांच्या बाजारातला दलाल. बापाने मागे ठेवलं ते एक घोंगडं. घर, विहीर, काळी जमीन, पोरींची लग्नं, सगळं मी भाव करून उभं केलं. बैलजोडी घ्यायची म्हटली की पार पुसेगावहून लोक मला बोलवायला येत. कोणाला गाणं येतं, कोणाला कुस्ती येते. मला भाव करता येतो. तेवढ्या एका गोष्टीवर मी गावात मान वर करून चालत आलो.

साडू पार उलटे. घरचे बरे, ज्वारीची पेवं भरलेली, त्यामुळे भाव करण्याची वेळच त्यांच्यावर कधी आली नसावी. मिरच्या घ्यायला गेले तर विकणाऱ्या बाईलाच विचारायचे, "माय, एवढ्यात परवडतं का तुला?" ती बाई काय सांगणार! एकदा बाजारातून लंगडी शेळी घेऊन आले. मी म्हणालो, "ही काहून घेतली?" तर म्हणाले, "पाव्हणं, ती मघापासून माझ्याकडंच पाहून राहिली होती." त्यांना वाटेत भेटलेला माणूस अर्ध्या घटकेत नातेवाईक व्हायचा. जवळ्याची भाषा जगात सगळ्यांना समजते, अशी त्यांची पक्की समजूत होती. पुढे लंकेत ती खरी ठरली, हे मला आजही सहन होत नाही.

जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी आम्ही दोघं रामेश्वराला गेलो. काशीचं पाणी देवावर घातलं, म्हणजे काम झालं होतं. पण साडू समुद्राकडे बोट दाखवून म्हणाले, "पाव्हणं, इतकं चालून आलो, आता रावणाचं गाव न पाहताच माघारी फिरायचं व्हय?" मग काय! लंकेत रोग जाऊ नये म्हणून मंडपमच्या सरकारी छावणीत आमच्या जिभा पाहिल्या, दंडाला टोचलं, पाच दिवस अडकवून ठेवलं. त्या पाच दिवसांत साडूंना ताप आला नाही, पण टोचणाऱ्या कंपाउंडरच्या घरी सोयरीक जुळवून देण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

बोटीतून उतरून आगगाडीने कोलंबोला पोचलो. स्टेशनाबाहेर टॅक्सीवाल्यांनी आम्हाला घेरलं. आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. टॅक्सीवाल्याला माझी हिंदी कळेना, मला त्याचं काही कळेना. मी विचार केला, बोटं तर सगळ्या मुलखात पाचच. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची दोन बोटं करकचून दाबली. तो असा ओरडला की हमाल ओझी टाकून धावत आले. मी काही हात सोडला नाही. बाजारात हात सोडला म्हणजे सौदा मोडला. साडू शांतपणे म्हणाले, "सोडा त्याला पाव्हणं. तुमी लग्नाचं विचारून राहिले, असं वाटून राहिलं त्याला." मग त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे. तो शांत झाला आणि त्याने दुसरा तळहातही माझ्यापुढे उघडून धरला. त्याला मी ज्योतिषी वाटलो होतो. शेवटी त्याने जेवढा आकडा सांगितला होता त्याच्या निम्म्यावर मी त्याला आणला आणि गाडीत राजासारखा बसलो. साडूंनी आत पाय टाकायच्या आधी वहाणा काढल्या. दुसऱ्याच्या गाडीत वहाणा घालून कसं बसायचं? त्या मांडीवर घेऊन ते धर्मशाळेपर्यंत टॅक्सीवाल्याला जमिनीपासून हात वर वर धरून विचारत होते, "लेकरं किती? एवढं? आन् हे एवढं?" टॅक्सीवाला हसत होता आणि एका हाताने गाडी चालवून दुसऱ्या हाताने चार लेकरांच्या उंच्या दाखवत होता. उतरलो, चार पावलं गेलो, आणि साडू म्हणाले, "अरे, छत्री!"

ही छत्री ते पुढे दिवसाला दोनतीनदा विसरत गेले. मी त्यांच्यावर किती खेकसलो याला गणती नाही. "अहो, डोकं तरी खांद्यावर आहे का बघा!" म्हणायचो. ते मान डोलवून कबूल करायचे.

डोंगरातल्या मोठ्या शहरात बुद्धाच्या दाताचं देऊळ आहे. तिथे चपला सांभाळणाऱ्याशी मी अर्धा तास भांडलो. साडू आत गेले ते गाल धरूनच. त्यांची दाढ चार दिवस ठणकत होती. डोळे मिटून म्हणाले, "बुद्धा, हितं सगळे मोठंमोठं मागत असतील. मी फक्त डाव्या बाजूचं मागून राहिलो." बाहेर आले तर दाढ थांबलेली! मी सांगितलं, सकाळपासून तुम्ही सुपारी खाल्ली नाही म्हणून थांबली. ते म्हणाले, "व्हय, पण सुपारी आज काहून आठवली न्हाई, त्याचा विचार करा." असं बोलून ते पुन्हा आत गेले. छत्री.

पण खरा कडेलोट झाला सीतामाईच्या रानात. डोंगरातल्या ओढ्याकाठी एक लहानसं देऊळ, बाहेर एक म्हातारा पुड्या घेऊन बसलेला. त्यात काय, तर हनुमानाने लंका जाळली त्याची राख! मी पुडी उघडली, चिमूट बोटांत चोळली. माती होती. निखळ काळी माती. जिच्यात मी जन्मलो, जी पावसाळ्यात वहाण ओढून घेते, ती माती मला राख म्हणून विकता? मी इतका चिडलो की मराठीतच सुरू झालो. असल्या राखेचं माझं स्वतःचं शेत आहे, म्हणालो. म्हातारा घाबरून भाव पाडत गेला आणि शेवटी एका पुडीच्या भावात पाच पुड्या दिल्या. मी साडूंना म्हणालो, "पाहिलं? याला म्हणतात भाव!" साडू म्हणाले, "तुमच्यासारखं कोणाला जमायचं न्हाई, पाव्हणं." मी पुढे निघालो. वळणावर थांबून मागे पाहिलं तर हे म्हाताऱ्याशेजारी उकिडवे बसून त्याची पोत्याची घडी नीट घालून देत होते. मला वाटलं, छत्री सापडत नसेल.

ही लंका मी गावात सात वर्षं सांगितली. पारावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. म्हाताऱ्याची राख सांगितली की माणसं पोट धरून हसायची, आणि शेवटी मी साडूंच्या विसरभोळेपणाची नक्कल करायचो. साडूही हसायचे. पुसेगावच्या एका लग्नात मी असाच रंगात आलो होतो. साडूंची बायको, आम्ही तिला अक्का म्हणतो, भाताचं पातेलं घेऊन वाढत होती. मी म्हणालो, "अक्का, हा माणूस लंकेत छत्री विसरला नसता तर आम्ही दोन दिवस आधी घरी आलो असतो!"

अक्काने पातेलं खाली ठेवलं. "भलतं बोलू नका पाव्हणं. छत्री कधी विसरली न्हाई त्यांनी. तुमी ज्याची ज्याची मान मुरगळली त्याचा पैसा ते बराबर करून येत होते. घरी आले तवा अंगावरचं धोतर सोडून काई उरलं नव्हतं. मला सांगितलं, पाव्हण्याला कळू देऊ नको. मी सात वरसं गप बसले."

मी साडूंकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाव्हणं, भात घ्या, निवून राहिला."

मी पानावरून उठलो. त्यानंतर तीन वर्षं त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र दर बाजाराला यायचे, माझ्या ओट्यावर बसायचे, माझ्या बायकोकडून पाणी मागून प्यायचे, गाय कधी विणार ते विचारायचे आणि उठून जायचे. एकदा मला राहवलं नाही. आतूनच ओरडलो, "काहून केलं असं?"

ओट्यावरून आवाज आला, "त्या मुलखात तुमी जिंकले की तुमाला चांगली झोप लागत होती. न्हाईतर रातभर कूस बदलायचे, बडबडायचे. अन् मला तुमच्या शेजारी झोपणं होतं."

मला हसू आलं होतं. आलं होतं, हे मी आज कबूल करतो. पण दार उघडलं नाही. आणि त्याच वेळी एक गोष्ट विचारायची होती, ती विचारली नाही, कारण उत्तराची भीती वाटली.

गेल्या पौषात साडू गेले. विचारायचं राहिलं ते हे. माझा पहिला मोठा सौदा बंजाऱ्यांच्या एका तांड्यावरच्या नाईकाशी झाला होता. त्याची पांढरी खोंडांची जोडी मी अशा भावात उचलली की बाजाराने तोंडात बोटं घातली. त्या एका दिवसाने मला दलाल केलं. त्या दिवशी शेजारी कोण उभं होतं? साडू. आणि जोडी घेऊन निघाल्यावर ते माझ्याबरोबर होते का मागे राहिले होते, हे मला कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही.

मी तांड्यावर गेलो. नाईक आता फार म्हातारा झाला आहे. म्हणाला, "खोंडं गुणाची होती मालक. पैसा बराबर मिळाला." मी विचारलं, "कोणाकडून?" तो सुनेला म्हणाला, "पाव्हण्याला चहा ठेव."

तेव्हापासून बाजारात माझा हात पूर्वीसारखा चालत नाही. सौदा ठरतो, मी दोर हातात घेतो आणि चार पावलांवर थांबून मागे पाहतो. विकणारा तिथेच उभा असतो, जनावर गेलं त्या दिशेने बघत. त्याच्याकडे कोणी जात नाही. असे चेहरे मी चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यांच्याकडे पाठ करून चालण्यातच माझी हयात गेली.

माझे सौदे खरे किती आणि साडूंनी सावरलेले किती? विकणारे मला भाव सोडत ते माझ्या जिभेला भिऊन, की मागून येणाऱ्या त्या माणसाच्या भरवशावर? मला याचा जबाब पाहिजे. नाईक चहा पाजतो आणि खोंडांचं कौतुक सांगत बसतो. अक्काकडे गेलो तर ती डोळ्याला पदर लावते आणि म्हणते, "त्यांनाच विचारा." बरं, विचारतो. पण आता त्यांना कुठे जाऊन विचारू, एवढं तरी कोणी सांगणार आहे का मला?