अर्धा कोयता

शिरूर कासारजवळच्या बंकटच्या डोळ्यांत हरिबाची विहीर कायम खुपायची. दोघांच्या रानांच्या मध्ये मातीचा बांध घातलेला पाझर तलाव. बंकटचं रान तलावाच्या वर, हरिबाचं खाली. तलावात अडलेलं पाणी जमिनीत मुरायचं आणि पाझरत खाली हरिबाच्या विहिरीत उतरायचं. बंकटच्या विहिरीत दिवाळीनंतर नुसती कबुतरं घुमायची.

म्हणून बंकट आणि त्याची बायको मंगल दरसाल ऊसतोडीला जायची. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हरिबा आणि त्याची बायको अंजना मात्र तलाव झाल्यापासून घरीच. "बसून खातंय लेकाचं," असं म्हणत बंकट जेवायचा, आणि ते जेवणही त्याच्या अंगी लागायचं नाही.

मागच्या साली हरिबाच्या विहिरीचं पाणी जरा खाली गेलं. बंकटला काय आनंद झाला! त्याच्या डोक्यात आलं, तलावाच्या तळाचा गाळच ओल धरून ठेवतो. तोच उचलला तर हरिबाला पाणी कुठून मिळणार? गाळ न्यायला गावाची ना नव्हतीच. तोडीहून आल्या आल्या त्यानं ट्रॅक्टर लावला. मंगलनं ट्रॉल्या भरल्या, पाट्यांनी गाळ रानात पसरला. हरिबानं दोघांना चहा पाठवला, तर बंकट आणखीच जळला.

पाऊस झाला. तळ मोकळा झालेला, पाणी भराभरा मुरलं आणि हरिबाची विहीर काठोकाठ भरली. बंकटनं आत डोकावून पाहिलं नि पाय आपटत तो घरी आला.

संध्याकाळी हरिबा नारळ घेऊन दारात.

"बंकटभाऊ, गाळानं तळ पार बुजला व्हता. तू मोकळा केला म्हून पाणी आलं. अर्धं पाणी तुजं. पाइप टाकू, यंदा तोडीला जाऊ नका."

"तुज्या विहिरीचं पाणी मला नगं," बंकट गुरकावला. "आमचा कोयता जाणार हाय!"

मंगल उठली. तिनं कोपऱ्यातला आपला कोयता उचलला. धार लावायला निघाली, असं बंकटला वाटलं. तिनं तो खुंटीला अडकवला.

"गाळ मी बी डोक्यावर वाहून रानात टाकलाय, त्याला पाणी लागतंय," ती म्हणाली. "तुमी जा की. मुकादमाला सांगा, यंदा अर्धा कोयता येणार हाय."