रिकामी बसलेली कोअर

अगं पोरी, इकडं ये, जवळ सरक. पुण्यात बसून वाचत असलीस तरी माझ्या ओट्यावर बसल्यासारखी वाच. आधी रागावते, मग सांगते. गेल्या वर्षी कॉलेजं निवडायच्या ऑप्शन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी तुला अकरा वेळा फोन लावला, अकराही वेळा बंद. सात वाजता तुझा मेसेज आला, मीटिंगमध्ये होते मावशी, मशीन चालू आहे ना? मी नुसतं ‘हाव’ लिहिलं. खरी हकीगत आज सांगते. चूक माझी होती, आणि माझी चूक कबूल करायला मला साधारण वर्ष लागतं.

दुसरं कुणी वाचत असेल तर त्यांनाही कळू दे. लातुरात माझं मुलींचं वसतिगृह आहे. क्लासपायी देगलूर, किनवट, कुठून कुठून मुली येतात. जिला हे लिहितेय ती ही पोर बिलोलीहून आली, डॉक्टर व्हायला. झाली कॉम्प्युटरवाली. जाताना इंटरनेटची सोय करून गेली, कारण एका लाइनवर बत्तीस मुली, आणि त्यातल्या निम्म्या अभ्यासाच्या वेळी सिनेमे बघायच्या. पालकांनी मोबाइलमध्ये नेट टाकून द्यायचं नाही असं ठरवलेलं, त्यामुळं सगळा भार माझ्या लाइनवर.

तर हिनं जिन्याखाली एक जुनं मशीन ठेवलं. त्याच्या पोटात चार कोअर, म्हणजे काम करणारी चार डोकी. मला समजावलं की मुली जे काही बघतात ते एकदम येत नाही, बारीक बारीक पाकिटं होऊन येतं. पहिली कोअर ती आत घेते. दुसरी बघते, अभ्यासाचं की सिनेमाचं. सिनेमाचं असलं तर फेकून देते. तिसरी राहिलेलं मुलींकडं पाठवते. मी म्हटलं, आपल्या पंगतीसारखंच की, एक पोळी वाढते, एक भाजी. ती म्हणाली, हो मावशी, फक्त इथं कुणी आग्रह करत नाही.

सातवी शिकलेली बाई मी. इंग्रजी अक्षरं दुकानाच्या पाट्यांवरून शिकले. पण ती लांबलचक कमांड मी एका पुठ्ठ्यावर उतरवून घेतली आणि रोज सकाळी मशीन चालू केलं की बघून बघून टाइप करायचे. वर्षभर एक अक्षर चुकले नाही.

दुखणं दुसरंच होतं. स्क्रीनवर चारही कोअर किती राबतात ते दिसायचं. तीन कायम शंभर टक्के. मुली क्लासला गेलेल्या असल्या तरी शंभर, कारण कोअर सारख्या विचारत राहतात, पाकीट आलं का, आलं का. आणि चौथी, जिचा नंबर शून्य, ती कोअर दोन टक्के, फार तर तीन. पोरी, तू सांगितलं होतंस की ती बाकीच्यांवर लक्ष ठेवते आणि मशीनचं स्वतःचं कामही तिच्याकडंच असतं. मी मान डोलावली होती. पण माझ्या घरात रिकामं कुणी बसत नाही, तुला माहीत आहे. पाहुणी आली तरी तिच्यापुढं निवडायला मेथी येते. वर्षभर मी त्या दोन टक्क्यांकडं बघून राहिले.

त्या दिवशी दुपारी तपासणारी कोअर मला दमल्यासारखी वाटली. सगळ्या मुली फॉर्म भरत होत्या ना. मग मी पुठ्ठ्यावरचे, कुठल्या कोअरला कुठलं काम ते सांगणारे आकडे पेनानं खोडले, शून्य नंबरलाही तपासायच्या कामाला लावलं, आणि प्रोग्राम नव्यानं सुरू केला. चारही शंभर टक्के. मला फार समाधान वाटलं. मी चहा ठेवला.

चहाला उकळी यायच्या आत इस्लापूरची मुलगी खाली आली. ही मुलगी कमी बोलणारी. तिचे वडील शिवणकाम करतात, आणि तिला नांदेडचं सरकारी कॉलेज पहिल्या नंबरवर टाकायचं होतं, घराला त्यातल्या त्यात जवळ पडेल असं. पाच वाजता फॉर्म बंद होणार होता. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं.

“मावशी, फॉर्म नुसता फिरूनच राहिलाय.”

मी म्हटलं, होईल, चारही जणी कामाला आहेत. ती तिथंच उभी राहिली. गंमत अशी की निम्म्या मुलींचं झकास चाललेलं आणि निम्म्यांचं काहीच नाही. ज्यांची पाकिटं शून्य नंबरच्या वाट्याला गेली त्यांची तिथंच तुंबली आणि सांडली. तिला बिचारीला मशीनचं घरही सांभाळायचं होतं आणि पाकिटंही बघायची होती. शेजारच्या घरातली मुलगी म्हणाली, माझ्या फोनवरून भर, पण फॉर्म उघडायचा कोड इस्लापूरच्या मुलीच्या नंबरावर यायचा, तो येईना. ती पळत नेट कॅफेत जाऊन आली. रांग रस्त्यावर आली होती.

मी जिन्याखाली वाकले. की-बोर्ड दाबला तर काही नाही. स्क्रीन थिजलेला. तुला अकरा फोन लावले ते इथंच. म्हणजे काम सगळ्याच करत होत्या, पण ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

आणि तिथं, गुडघ्यावर बसल्या बसल्या, मला ती बाई आठवली. भूकंपानंतर किल्लारीकडच्या लोकांसाठी आम्ही शेडमध्ये जेवण रांधत होतो. मी तरुण, अंगात भलती रग. कुणी पीठ मळायचं, कुणी थापायचं, कुणी भाजायचं, कुणी वाढायचं. आणि एक म्हातारी पालथ्या घागरीवर नुसती बसलेली. अधूनमधून म्हणायची, त्या तंबूत न्या, इकडं झालं. मी तिला टोमणा मारला की आज्जी, बसून बसून कंबर धरंल. उठवली आणि थापायला बसवली. घटकाभरात एका बाजूच्या लोकांना भाकरी दोनदा गेली आणि दुसऱ्या बाजूला लेकरं घेऊन बाया ताट धरून उभ्या. कुणीतरी ओरडायला आलं तेव्हा म्हातारीनं पिठाचे हात झटकले आणि मला विचारलं,

“आता बसू का?”

तीच चूक मी दुसऱ्यांदा केली, एवढंच.

मशीनची वायर उपटली. पुन्हा लावली. ते जुनं मशीन उठायला वेळ घेतं, वयाचं असंच असतं. पुठ्ठ्यावर मी इतक्या जोरात खोडलेलं की खालचे आकडे दिसेनात. इस्लापूरच्या मुलीनं पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि उजेडाकडं धरला. पेन टेकून लिहिलेले मूळ आकडे खोडल्याच्या रेघांतूनही मागच्या बाजूला उलटे उमटले होते. ती एकेक आकडा वाचत गेली, मी टाइप करत गेले. 

तीन कोअर शंभर टक्के. एक दोन टक्के. मी हात जोडले नाहीत, पण जोडायच्या बेतात होते.

फॉर्म चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी भरून लॉक झाला. मुलगी नांदेडला लागली. मी ठेवलेला चहा आटून बुडाला चिकटला होता, तो तिनंच घासला.

त्या दिवसापासून मी मशीन बंद केलेलं नाही. झाडूसुद्धा लांबून मारते. पण परवापासून आतून घरघर ऐकू येतेय आणि मला ते उघडायचा धीर होत नाही. तेव्हा पोरी, लवकर ये. नवी बॅच यायच्या आत ये, खिडकीजवळची तुझी कॉट अजून मोकळी आहे. काही आणू नकोस. मेथीही निवडायला देणार नाही, नुसती बस.